बंडीत वजनं घातलेला सूर्य

लोक सांगतात, मी त्या दिवशी शाळेच्या मैदानात पडलो. साफ खोटं! पडायला माणूस आधी जमिनीवर यावा लागतो. मी जमिनीवर नव्हतोच. कुठं होतो ते सांगतो, पण आधी चहा घ्या. आणि हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसा. मधे मधे हसलात की माझं सूत तुटतं.

फजिती झाली, हे मला मान्य. चूक झाली, हे नाही. दोन्हींत फरक असतो.

तर आधी आमचे व्याही. म्हणजे माझ्या सुनेचे वडील. ते भीमेच्या पलीकडं, वडगाव रासाईच्या अंगाला. आम्ही अलीकडं, खुटबावजवळच्या एका वस्तीवर. दोघांच्याही बापजाद्यांनी मेंढरं राखली, दोघांचंही आता ऊस-कांद्यात चाललंय. सगळं सारखं. फरक एवढाच, की देवानं त्यांना घडवताना हात सैल सोडला आणि माझ्या वेळेला माल संपत आला होता. ते म्हणजे ज्वारीनं भरलेली कणगी. मी म्हणजे त्याच ज्वारीचं वाळलेलं, काडीसारखं ताट.

आता लग्नात व्याहीभेट असते, ती तुम्हाला ठाऊक आहे. दोन्ही बाप मांडवात एकमेकांना मिठी मारतात. आमच्याकडं त्यात गमतीनं एकमेकाला उचलायलाही बघतात. ज्यानं उचललं त्याची बाजू वरचढ! मी मुलाचा बाप, म्हणजे मान माझा. मी शांतपणे हात पसरले. पसरतोय तोवर माझे पाय जमीन सोडून गेलेसुद्धा! बरं, उचललं तर उचललं, खाली ठेवावं की नाही? या गृहस्थानं मला गरकन फिरवलं. माझा फेटा उडाला तो थेट सनईवाल्याच्या मांडीत.

हेही मी गिळलं असतं हो. पण व्हिडिओवाला होता ना! त्याची कॅसेट झाली. कुणीही पाहुणा आला की पोरं कॅसेट लावायची, आणि मी उडालो की पुन्हा मागं घेऊन पुन्हा उडवायची. माणूस जन्मात एकदा पडतो, मी दर दिवाळीला पडायचो.

तेव्हापासून मी ठरवून टाकलं. व्याह्यांना रामराम लांबूनच.

पण लेक त्यांची सोन्यासारखी. सूनबाई आमच्या वस्तीवरच्या शाळेत मास्तरीण. तिनं कधी दागिना मागितला नाही, पण एक दुर्बीण मात्र तिच्या फार मनात होती. पोरांना तारे जवळून दाखवायचे म्हणून. आणि एक दिवस ती उड्या मारतच घरी आली. तालुक्याचे साहेब शाळाशाळांतून फिरणार होते. जी शाळा आभाळातली गोष्ट सगळ्यांत चांगली समजावून देईल, तिला दुर्बीण मिळणार. पालकांनीही भाग घेतला पाहिजे, अशी अट.

"आबा, मी जोडताऱ्यांचा धडा घेणार आहे," ती म्हणाली. "आपला सूर्य एकटा आहे. पण आभाळात कितीतरी सूर्य जोडीनं असतात. एकमेकांभोवती फिरतात. आणि त्यांच्याभोवती एखादा ग्रह असला, तर तिथं दोन सूर्य उगवत असतील."

"दोनदा उजाडायचं?" मी म्हणालो. "मग गुरांना पानी कितींदा पाजायचं?"

चुलीपुढून आमची म्हातारी, म्हणजे माझी कारभारीण, म्हणाली, "गुरांचं ऱ्हाऊ द्या, सैपाक कितींदा करायचा त्ये इचारा."

सूनबाई हसली. "आबा, एक सूर्य तुम्ही व्हायचं."

आता तुम्हीच सांगा, असं कुणी म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणेल? या वयात लोक साधं सरपंच व्हा म्हणत नाहीत, ही सूर्य व्हा म्हणत होती. मी मिशीवरून हात फिरवला. "व्हतो की. दुसरा कोन?"

"आमचे आप्पा."

माझा हात मिशीवरच राहिला. आप्पा म्हणजे व्याही!

तिनं मग अंगणात फक्कीनं गोल आखून दाखवले. एक आतला, लहान. एक त्याच्या बाहेर, मोठा. आणि त्या दोन्हींच्या बाहेर, लांब, तिसरा गोल ग्रहाचा. ग्रह कोण? तर आमची नात, छकुली. दोन सूर्यांनी एका कासऱ्याची दोन टोकं धरायची, मागं रेलायचं आणि फिरायचं.

"आन् मधे काय?" मी विचारलं.

"मधे काहीच नाही, आबा."

"काहीच न्हाई? आगं, मळणीला बैल फिरतात ते खळ्यात तिवडा रोवल्याला असतो म्हणून. खांबच न्हाई तर फिरायचं कशाभवती?"

"दोघं एकमेकांना ओढून धरतात, म्हणून फिरतात. जड असतो तो आतल्या गोलात, जागच्या जागी थोडासाच हलतो. हलका असतो तो बाहेरच्या गोलातून लांबून फिरतो. आणि ग्रहानं दोघांच्या मधे शिरायचं नाही. मधल्या जागेत ग्रह टिकत नाही."

बाकी सगळं माझ्या डोक्यावरून गेलं, जड-हलक्याचं तेवढं नेमकं आत शिरलं. "म्हंजी आप्पा मधी हुबं ऱ्हाणार आन् म्या त्येंच्याभवती पळणार? मुलाचा बाप म्या!"

"आबा, आभाळात मुलाकडचं-मुलीकडचं नसतं."

"आभाळात नसंल. मैदान आपल्या गावचं हाय."

मी मुळात भांडणारा माणूस नाही. मी हळूच विचार करतो, आणि एकदा केला की हलत नाही. मेंढरं राखलेल्या माणसाला घाई नसते. मी विचार केला, जो जड त्याचा मान. ठीक आहे. मग जड व्हावं!

कार्यक्रमाच्या सकाळी मी खोलीचं दार लोटून घेतलं. कांदा मोजायच्या तराजूची लोखंडी वजनं कोपऱ्यात पडलेली होती. लहान होती ती बंडीच्या खिशांत घातली. मोठी होती ती उपरण्यात गुंडाळून पोटाला बांधली, वरून बंडी ओढली. उभा राहिलो तर गुडघे म्हणाले, आबा, विचार करा. मी म्हणालो, केलाय.

दारात म्हातारी आडवी आली. "कसला ओ आवाज येतोय अंगातनं?"

"किल्ल्या हायत."

"एवढ्या? मामलेदार कचेरी तुमच्याकडं दिली का काय?"

मी पुढं चालू लागलो. चालू लागलो म्हणजे काय, एक पाऊल टाकायचं आणि दुसरं येईपर्यंत वाट बघायची.

मैदानात सगळी वस्ती जमलेली. साहेब खुर्चीवर. सूनबाई नवी साडी नेसून, हातात खडू. तेवढ्यात व्याही आले, पांढरेशुभ्र कपडे, आणि दोन्ही हात पसरून थेट माझ्याकडं!

"रामराम, पाव्हणं!" मी तिथूनच दोन्ही हात पुढं धरले, बस थांबवतात तसे.

ते थांबले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आबा, अंगानं भरलात की! पोट आलं."

"सुनंच्या हातचं खातोय," मी म्हणालो. खोटं बोललो नाही. नुसतं सगळं सांगितलं नाही.

धडा सुरू झाला. कासऱ्याचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. दोघं मागं रेललो. सूनबाई मोठ्यानं म्हणाली, "बघा मुलांनो, हा मोठा तारा आणि हा लहान तारा. मोठा आतल्या गोलात संथ हलेल आणि लहान बाहेरून फिरेल. चला!"

मी हललोच नाही.

वजनं होतीच, वर मी टाचाही रोवल्या, ते वेगळं. व्याह्यांनी ओढलं. मी ढिम्म. त्यांनी पुन्हा ओढलं आणि स्वतःच सरकले. काय सांगू, अशी थंडगार झुळूक गेली हो काळजातून! बघता बघता ते आतल्या गोलातून बाहेर आले आणि माझ्याभोवती धापा टाकत फिरायला लागले. एवढी मोठी कणगी, आणि मी मधे खुंटा! मी हळूच व्हिडिओवाला कुठं दिसतोय का बघितलं. गरज असते तेव्हा हे लोक कधी नसतात.

"मॅडम," साहेब म्हणाले, "तुम्ही म्हणालात मोठा कमी हलतो. इथं तर उलटंच दिसतंय."

पोरं खीखी करायला लागली. सूनबाईचा चेहरा उतरला. ती माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, फिरा ना! दुर्बीण जाईल."

दुर्बिणीचं नाव ऐकून मी जरा विरघळलो. खरंच. टाच थोडी सैलही केली. पण तेवढ्यात काय झालं, की छकुली तिच्या लांबच्या गोलातून हिरवा झगा सावरत चालली होती, ती नेमकी व्याह्यांच्या पाठीमागून निघाली. आणि व्याही धापा टाकताटाकता म्हणाले, "ये गं माझी बाय, आज्ज्यासंगं फिर!"

आज्ज्यासंगं? आणि मी कोण? पोरगी माझ्या घरची, माझ्या नावाची!

"छकुले, हिकडं!" मी म्हणालो. "आबाच्या अंगानं फिर."

"आप्पाकडं ये, गुळाची ढेप देतो!"

"आबाकडं ये, अख्खं दुकान देतो!"

सूनबाई ओरडली, "छकुली, बाहेरच राहा! मधे जाऊ नको!"

पोरगी बिचारी काय करील? ग्रह झाला तरी जीव लहानच. ती गेली मधे. आधी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं, कासऱ्याखालून वाकून वाकून. एका दाव्याला दोन एडके बांधावेत आणि मधे कोकरू सोडावं, तसं झालं. कासरा तिच्या पायात येणार एवढ्यात मी तो उचलायला झटकन वाकलो.

आणि बंडीचा खिसा उसवला.

धप! एक वजन. धप! दुसरं. मग पोटाचं उपरणं सुटलं आणि उरलेली सगळी एकदम. साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले. आता विचार करा, समोर एवढा मोठा माणूस जीव खाऊन मागं रेललेला, आणि इकडं मी एका क्षणात पुन्हा ज्वारीचं ताट! मी निघालो. चाललो नाही, पळालो नाही. निघालो! व्याह्यांनी मला येताना बघितलं, कासरा सोडला, दोन्ही हात पसरले...

आणि मला झेललं. जोर एवढा, की झेलून गरकन एक फेरा मारला. फेटा उडाला. पाय हवेत. तीच मिठी, तोच फेरा, तोच वास तंबाखूचा. फक्त सनई नव्हती.

छकुली खाली बसून माझा फेटा स्वतःच्या डोक्यावर घालून टाळ्या वाजवत होती.

"हे काय होतं?" साहेबांनी विचारलं.

सूनबाईनं एक वजन उचललं. माझ्याकडं बघितलं. असं बघितलं, की आपण व्याह्यांच्या कडेवरच बरे आहोत असं मला वाटलं. मग तिनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, मुलांनी बघितलं ते असं. आकारावर जाऊ नका, वजन कुठं आहे ते बघा. लहान तारा जड असेल, तर मोठ्यालाच त्याच्याभोवती पळावं लागतं. ग्रह मधे शिरला की घोटाळा होतो. आणि ताऱ्यानं वजन गमावलं, की सगळी घडी मोडते."

साहेब मुलांकडं वळले. "ग्रहानं कुठं राहायचं, रे?"

सगळी शाळा एका सुरात ओरडली, "लांब! बाहेरून!"

"एवढं नीट बसवलंत! पुष्कळ तालीम केली असेल?"

"व्हय तर!" व्याही म्हणाले. मी अजून त्यांच्या कडेवरच. "लग्नापासनं चालू हाय."

दुर्बीण आम्हाला मिळाली. गाव म्हणतं व्याह्यांनी झेललं म्हणून मिळाली. झेललं कुणाला? मला! मी नसतो तर त्यांनी काय हवा झेलली असती?

दुर्बीण आली त्या संध्याकाळी सगळे अंगणात जमले. व्याहीही आले होते. सूनबाईनं नळी लावून दिली, मला स्टुलावर बसवलं. डोळा लावला तर दोन तारे, अगदी शेजारी शेजारी. एक ठसठशीत, सोन्याच्या रंगाचा. एक बारका, निळसर.

"मोठा तो आप्पा आन् बारका तो आबा!" छकुली म्हणाली, आणि अंगण हसलं.

मी डोळा न काढता शांतपणे म्हणालो, "बारका हाय म्हणून हलका हाय, हे कुणी सांगितलं? एवढ्या लांबनं त्याच्या खिशात काय हाय, ते तुमाला दिसतंय का?"

सूनबाईचंच वाक्य मी तिला परत दिलं होतं. मी समाधानानं स्टुलावरून उठलो.

आणि माझ्या बंडीत काहीतरी खणकन वाजलं.

अंधारातून म्हातारीचा आवाज आला, "काय न्हाई, काय न्हाई. त्येंच्या किल्ल्या हायत."