माउसनं ओढायच्या अठरा शाळा

मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आंधळा माणूस शांत असतो, सोशिक असतो, पेटी वाजवतो, अशी लोकांची समजूत असते. मला यातलं काहीच जमलं नाही. मी इतिहास शिकवतो आणि चिडतो. पण यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं, त्यावर चिडायचा मला पुरेपूर हक्क आहे असं मला वाटतं, म्हणून ते लिहून ठेवतो आहे.

मी एका शिक्षणसंस्थेत नोकरीला आहे. संस्थेच्या जिल्ह्यात अठरा शाळा. माझी शाळा तलवाड्याला आणि घर बीडला. सकाळी सहाला निघायचं, एसटीनं गेवराई, तिथं उतरून मोठा रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून तलवाड्याची जीप पकडायची. जीपवाले ओळखीचे आहेत, पुढची जागा माझ्यासाठी राखून ठेवतात. अडचण त्या रस्त्याची. मागच्या वर्षी उलट्या बाजूनं आलेल्या मोटारसायकलनं मला तिथं उडवलं. उजवं मनगट मोडलं, काठी कुठं गेली ती सापडलीच नाही. माझी बायकोही माझ्यासारखीच, तिलाही अजिबात दिसत नाही. एका दवाखान्यात ती टेलिफोनवर बसते. माझं प्लास्टर निघालं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "यंदा बदली घ्या. दुसरं कायबी मागत न्हाई मी."

बदली म्हणजे पाली. बीडहून निघालेली रिक्षा थेट शाळेच्या फाटकाशी उभी राहते, मध्ये कुठला रस्ता ओलांडायचा नाही. तिथली इतिहासाची जागा रिकामी होत होती. आमच्याकडे बदल्या तीन वर्षांतून एकदा होतात. प्रत्येकानं अठरा शाळांचा पसंतीक्रम द्यायचा आणि दिव्यांग शिक्षकाची पहिली पसंती इतरांच्या आधी बघायची, असा संस्थेचा नियम आहे. म्हणजे मी पाली पहिल्या क्रमांकावर टाकली की प्रश्न मिटला.

आता पसंतीक्रम ही आमच्याकडे अतिशय गुप्त गोष्ट. कुणी कुणाला सांगत नाही, उलट शिक्षकखोलीत सगळे ठरवून खोटं बोलतात. ज्याला परळी हवी असते तो दोन महिने तिथल्या वीजकेंद्राच्या राखेच्या नावानं बोटं मोडत असतो. आपल्याला काय हवंय याचा वास लागला, तर दुसरा कुणी तरी संस्थेच्या दारात जाऊन बसेल, ही भीती. मीही काही साधुसंत नाही. मी दोन महिने सांगत होतो की तलवाडा काही मला सोडवत नाही, इथली पोरं लई जीव लावतात. पोरं जीव लावतात हे खरं होतं, बाकीचं धडधडीत खोटं.

पूर्वी हा पसंतीक्रम कागदावर द्यायचा असे. कारकून शाळांची नावं मोठ्यानं वाचायचा, मी चारचौघांत क्रमांक सांगायचो आणि माझं गुपित दुपारपर्यंत जिल्हाभर व्हायचं. यंदा संस्थेनं पोर्टल केलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. माझ्या संगणकात स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज. मी कळफलकावरून बोटं फिरवतो, तो बोलतो. बँकेचं काम, प्रश्नपत्रिका, एसटीचं आरक्षण, सगळं मी त्याच्यावर करतो. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा आपणही इतरांसारखं दार लावून पसंतीक्रम भरू.

दार लावलं. ओटीपी आला, तो टाकला. नाव, जन्मतारीख, सेवाज्येष्ठता, सगळं आवाजानं नीट वाचलं. मग शाळांचं पान उघडलं. मी टॅबची कळ दाबली, तर आवाज एकदम म्हणाला, "जतन करा, बटण." मधल्या शाळा गायब. पुन्हा वर गेलो आणि बाणाच्या कळीनं एकेक पाऊल खाली आलो. "ग्राफिक," आवाज म्हणाला. पुन्हा "ग्राफिक". पुन्हा "ग्राफिक". मी मोजलं, अठरा वेळा. शाळांची नावं त्यांनी चित्रांच्या पट्ट्यांवर छापली होती आणि एकाही चित्रामागं ते कशाचं आहे हे लिहिलेलं नव्हतं. पानाच्या तळाशी एक ओळ मात्र वाचता आली: शाळा माउसने ओढून हव्या त्या क्रमांकावर सोडा.

त्याच पानावर वर एक बटण होतं, ते आवाजानं अगदी स्पष्ट वाचलं: "दिव्यांगस्नेही". ते दाबलं की पानावरची अक्षरं मोठी होतात. बायको शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "केवढी मोठी करणार हायत? भिंतीएवढी केली तरी आपल्याला काय?"

मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. तो म्हणाला, "सर, पट्टी माउसनं धरायची, वर ओढायची आणि सोडायची."

"मला दिसत नाही. कळफलकावरून कसं करायचं ते सांगा."

"कळफलकावरून होत नाही सर. घरातल्या कुणाला तरी सांगा ना."

"घरातल्यांनाही दिसत नाही."

तो म्हणाला, "मग शेजारी? कुणीतरी असंलच की सर."

हे 'कुणीतरी' मी लहानपणापासून ऐकत आलोय. कुणीतरी वाचून दाखवेल, कुणीतरी सही कुठं करायची ते दाखवेल, कुणीतरी पैसे मोजून देईल. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी पोर्टल आणि माझ्यासाठी कुणीतरी. शिवाय भरायचं काय, तर जी गोष्ट सख्ख्या मित्राला सांगत नाहीत ती. त्याचं पुढचं न ऐकताच मी फोन ठेवला.

मुदत तीन दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी मी आमच्या चित्रकलेच्या सरांच्या घरी गेलो. फार विचार करून गेलो. ते येत्या दिवाळीत निवृत्त होणार, त्यामुळे बदलीशी त्यांचा काही संबंध नव्हता. संगणक त्यांना उत्तम येतो. पंधरा वर्षांची ओळख, स्वभाव मऊ, माणूस सरळ. गेवराईला मला लागलं तेव्हा महिनाभर डबा त्यांच्या घरून यायचा. मी त्यांना एकेक शाळा सांगितली. पहिली पाली, दुसरी बीड शहरातली, आणि तलवाडा चौथी. ते "हां, हां" करत राहिले, माउसचा टिकटिक आवाज येत राहिला.

"पाली वर घेतली ना सर?" मी विचारलं.

"सगळं नीट लावलंय. तुमी काळजी करू नका."

माझ्या मोबाइलवर ओटीपी आला तो मी त्यांना सांगितला. जतन झालं. जाण्याआधी मी त्यांच्या संगणकावर माझा स्क्रीन रीडर लावून ते पान पुन्हा वाचून बघितलं. ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक. काय कुठं आहे ते कळायला काही मार्गच नव्हता. मी उठलो आणि त्यांचे आभार मानून घरी गेलो.

निकाल लागला तेव्हा चित्रकलेचे सर शिक्षकखोलीत माझ्याजवळ आले, माझा हात धरून हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "सर, अभिनंदन. पहिली पसंती मिळाली तुमाला." मी पेढा तोंडात टाकला. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर संस्थेचा निरोप आला, तो फोननं सगळ्यांसमोर वाचला: आपणास प्रथम पसंतीची शाळा, तलवाडा, देण्यात येत आहे. अभिनंदन.

तोंडातला पेढा मी रुमालात काढून ठेवला.

सरांना मी बाहेर व्हरांड्यात नेलं. त्यांनी काही लपवलं नाही, लपवण्यासारखं आपण काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. म्हणाले, "तुमीच दोन महिने म्हनत व्हता ना, तलवाडा सोडवत न्हाई म्हनून. पालीचं वहिनींनी मनावर घेतलं असंल असं वाटलं मला. आन तिथं धरण हाय सर. पाण्याच्या कडंचं गाव. इथं तुमाला पायरी न् पायरी पाठ हाय. माझा जीव न्हाई झाला तुमाला तिकडं धाडायचा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी चिडता."

मी चिडतो म्हणून त्यांनी माझ्या वतीनं माझं आयुष्य ठरवलं होतं. धरण शाळेपासून किती लांब आहे हेही त्यांना माहीत नव्हतं, ते पालीला कधी गेलेच नव्हते. माझं शिक्षकखोलीतलं खोटं त्यांनी खरं मानलं आणि त्यांच्या घरी बसून सांगितलेलं खरं, ते खोटं. यात माझीही चूक होती, हे मला त्या व्हरांड्यातच कळलं आणि त्यानं राग आणखी वाढला. पण तसं खोटं तर शिक्षकखोलीतले सगळेच बोलत होते. त्यांच्या खोट्यानं त्यांचं काही बिघडलं नाही, कारण नंतर दार लावून त्यांनी आपल्या हातानं खरं भरलं. माझ्या वाट्याला ते दारच आलं नव्हतं.

संस्थेच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधीक्षकांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेला, तुम्हीच दिला. पहिली पसंती मिळाली. मग तक्रार कसली?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पुढच्या वेळी विश्वासातला माणूस घेऊन बसा." मी म्हणालो, विश्वासातलाच होता. म्हटलं, मला माणूस नको, मला भरता येईल असं पान द्या. त्यावर ते म्हणाले की ते कंपनीचं काम, आणि पालीची ऑर्डर तर एका बाईंना निघून गेली. त्या बाई घरी लहान पोर सोडून रोज पन्नास किलोमीटर जात होत्या. त्यांची ऑर्डर रद्द करा असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पुन्हा विचार करा असा अर्ज तेवढा दिला आणि कंपनीचा नंबर घेऊन आलो.

कंपनी पुण्याची. चार ठिकाणी फोन फिरवल्यावर ज्या मुलीनं त्या पट्ट्या केल्या होत्या ती सापडली. मी भांडायच्या तयारीनंच बसलो होतो. तिनं विचारलं, "सर, स्क्रीन रीडरवर ते कसं ऐकू येतं? मी कधी ऐकलेलंच नाही." मी फोन संगणकाच्या स्पीकरजवळ धरला आणि बाणाची कळ दाबत गेलो. ग्राफिक, ग्राफिक. सातव्या-आठव्या ग्राफिकला ती म्हणाली, "पुरे सर." मी थांबलो नाही, अठराच्या अठरा ऐकवले.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. तिनं पट्ट्यांवरची नावं चित्रातून काढून साध्या अक्षरांत लिहिली होती. प्रत्येक शाळेपुढं 'वर न्या' आणि 'खाली न्या' अशी दोन बटणं दिली होती, ती कळफलकावरून दाबता येत होती. शाळा हलली की ती कुठं गेली हे आवाज बोलून सांगणार होता. माउसनं ओढायचं ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी तेही तसंच ठेवलं होतं.

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

ती म्हणाली, "जेवून बसले सर. चार वाजेपर्यंत झालं."

ही मुलगी वाईट नव्हती. खोटं बोलली असती, महिना लागला म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं. अवघड काम होतं, जमलं नाही, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण एक दुपार. माझी पुढची तीन वर्षं त्या रस्त्यावर गेली, कारण कुणाची तरी एक दुपार खर्ची पडली नाही. ती कुणी मागितली नव्हती आणि कुणाला सुचलीही नव्हती. मी तिला हे बोलून दाखवलं, आवाज चढवून बोललो. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "चाचणीचं पान पाठवते सर. तुम्ही वापरून बघा, चुकलं असेल तर सांगा." म्हणजे हेही काम माझ्याच गळ्यात.

रविवारी दुपारी ते पान उघडलं. त्याला ओटीपी नव्हता, ते कुठंच जतन होत नव्हतं, ते नुसतं बघण्यासाठी होतं. पाली येईपर्यंत टॅब दाबत गेलो. आवाज म्हणाला, "पाली, क्रमांक अकरा, अठरापैकी. वर न्या, बटण." मी एंटर दाबलं. "पाली, आता क्रमांक दहा." पुन्हा दाबलं. नऊ. आठ. प्रत्येक वेळी आवाज थांबून नीट सांगत होता, कुठं अडखळत नव्हता. चूक काढायची म्हणून मी मुद्दाम भराभर कळा दाबल्या, तरी तो बरोबरच बोलला. शेवटी तो म्हणाला, "पाली, आता पहिल्या क्रमांकावर."

बायको स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिचं मळणं थांबलं. भिंतीला कोपर लावत ती दारापर्यंत आली, हाताला कणीक तशीच असावी.

"मिळाली का हो पाली?" तिनं विचारलं. "तुमच्या अर्जाचं झालं वाटतं."

मी म्हणालो, "न्हाई. हे नुसतं चाचणीचं पान हाय."

ती परत कणकेकडं वळली. मग म्हणाली, "मग बंद करा त्याला. उगं मोठ्यानं बोलवू नका."