लॉर्नने पॅड बदलले

आमच्या गावातली प्रत्येक बातमी माझ्या खिडकीतून फिरते. आइस हॉकीच्या मैदानाला लागूनच माझं कॅन्टीन आहे, आणि थंडी अशी की कॉफीसाठी प्रत्येकाला माझ्यासमोर येऊन उभं राहावंच लागतं. त्या रविवारी लॉर्न ह्रिसाक पांढरेशुभ्र पॅड खांद्यावर टाकून आत शिरला आणि रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

"काय रे, टूथपेस्टची जाहिरात करतोस की काय?" मी म्हणाले.

"हो," म्हणाला आणि पुढे गेला. एरवी त्यानं मला दोन शब्द सुनावले असते.

लॉर्न आमच्या संघाचा गोलकीपर. दिवसा धान्याच्या कोठारावर ट्रकचं वजन करतो. पन्नाशीला टेकलाय, गुडघे कुरकुरतात. उभ्या जन्मात त्यानं हॅल्डेन कंपनीखेरीज दुसरे पॅड पायाला बांधले नव्हते. तपकिरी, मऊ, जुन्या गादीसारखे. आइस हॉकीत चेंडूऐवजी असते ती रबरी चकती त्यांच्यावर आदळली की उडायची नाही, पायाशीच पडायची. दुसऱ्या गोलकीपरला धडकी भरली असती, कारण पायाशी पडलेल्या चकतीवर समोरचा संघ तुटून पडतो. लॉर्नला मात्र ती तिथेच हवी असायची, कारण त्याच्या डाव्या हाताला टॅरस असायचा.

टॅरस त्याचा धाकटा भाऊ. चकती पडली की लॉर्न ओरडायचा, "तुझी!" आणि शब्द पुरा व्हायच्या आत टॅरसच्या काठीने ती लांब गेलेली असायची. एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. घरी शेताच्या कुंपणावरून भांडणं, नाताळचं जेवण वेगळं, आणि बर्फावर उतरले की हे असं.

टॅरस कापणीच्या दिवसांत गेला, हार्वेस्टरच्या सीटवर बसल्या बसल्या. दफनानंतर चर्चच्या तळघरात आम्ही बायकांनी बटाट्याच्या पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, वाढल्या. लॉर्नने ताट रिकामं केलं, पुन्हा वाढून घेतलं, सगळ्यांचे आभार मानले. डोळ्यांत टिपूस नाही. लोक कुजबुजले, दगड आहे. मी म्हटलं, तुम्ही आपलं जेवा.

मग हॉकीचा हंगाम आला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं माणूस मेला तरी खोड राहिली. पहिल्याच सामन्यात चकती पायाशी पडली आणि लॉर्न ओरडला, "तुझी!"

डाव्या बाजूला आता केल्विन होता. चांगला चपळ आहे, पण जागचा हलला नाही. बाकीचेही हलले नाहीत. ती हाक कुणाला ते सगळ्यांना ठाऊक, मग त्या चकतीला हात लावायचा कुणी? समोरच्या संघाला आमच्या या सोवळ्याचं काय सोयरसुतक! त्यांचा एक जण आरामात आला आणि गोल करून गेला.

सामन्यामागून सामने हेच. बैल आडवा करतील असे बाप्ये, आणि एका रबरी चकतीपुढे खांब होऊन उभे. मला तर संताप यायचा. मी खिडकीतून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

शेवटी आमचा प्रशिक्षक विल्फ लॉर्नला घेऊन माझ्या खिडकीजवळच्या बाकावर बसला.

"ओरडू नकोस रे बाबा."

"मी ठरवून ओरडत नाही. ती पडली की तोंडातून निघतं."

"मग केल्विनला सांग ना, धाव म्हणून."

"तो धावला तर मला बघवणार नाही."

विल्फने टोपी काढली, परत घातली. "असंच चाललं तर तुला बाहेर बसवावं लागेल, लॉर्न. मग काय करशील?"

लॉर्न कपात बघत राहिला. "काही नाही," म्हणाला. आणि ते खरं होतं. बर्फावरची ती जागा सोडली तर त्या माणसाकडे काहीच उरलेलं नव्हतं.

म्हणून त्या रविवारी ते पांढरे, टुंड्रा कंपनीचे पॅड. फळीसारखे कडक.

सामन्याआधी आमच्याकडे प्रत्येक खेळाडू गोलकीपरच्या पॅडवर काठीची टपली मारून जागेवर जातो. शेवटची टपली टॅरसची असायची. आता शेवटी राहायला कुणीच तयार नसतो, म्हणून सगळे घोळक्याने येतात, घाईघाईत मारतात आणि पांगतात. त्या दिवशी टपल्यांचा आवाज दारावर थाप मारल्यासारखा आला.

सामना सुरू झाला. चकती पॅडवर लागली की थेट कोपऱ्यात जायची. तिथे केल्विन बिनधास्त धावत होता. पायाशी काही पडतच नव्हतं. पहिल्या एक-दोन वेळा लॉर्नचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुढे उघडलंही नाही.

आम्ही जिंकलो, हंगामात पहिल्यांदा. लोकांनी बाक बडवले. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

लॉर्न खिडकीशी आला. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"कसे आहेत पॅड?" मी विचारलं.

"चांगले आहेत. पायाशी काही थांबतच नाही." त्यानं कप पुढे केला. "आज एकदाही त्याला हाक मारावी लागली नाही, मर्ना."

माझ्या तोंडाचा पट्टा गावाला माहीत आहे. तेव्हा मात्र मी कॉफी ओतत राहिले.

"बरं झालं ना?" त्यानं विचारलं. खरंच विचारत होता. त्याचं त्याला कळत नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "बरं झालं."