धबधब्यापर्यंत सोडलं

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. पोलिसांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तोंडावर खोटं बोलणारे तर रोजच पाहिले. पण एका साध्या क्रियापदापायी निरपराध पोराला खुनी ठरवायला निघालेले पोलीस मी एकदाच पाहिले, आणि तेही शिस्तीबद्दल जगभर नावाजलेल्या देशात.

साठच्या दशकाची सुरुवात होती. आपलं राज्य नवीनच झालं होतं. ठसे आणि घटनास्थळाची तपासणी यांच्या प्रशिक्षणासाठी मला जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलं होतं. तिथल्या गुन्हे शाखेच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर काचेवरचे ठसे उचलत बसायचो. कामाची पद्धत मला आवडली होती, ते खोटं कशाला सांगू. सकाळी प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवणार, मग कॉफी, मग काम. संशयिताचा जबाब घेताना अधिकारी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगणार, टाइप करणारी बाई ते खटाखट उतरवणार आणि शेवटी संशयित सही करणार. चोख काम. म्हणून तर जे झालं त्याचा मला जास्त संताप आला.

एका सकाळी कमिसार, म्हणजे तिथला तपास अधिकारी, प्रयोगशाळेत आला. पन्नाशीचा, युद्ध पाहिलेला, कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "एक भारतीय विद्यार्थी बसवून ठेवलाय. कबुली दिली आहे. पण आता रडतोय आणि आम्हाला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी बोलतोय. तुम्ही येता का?"

जाता जाता त्याने हकीकत सांगितली. तंत्रविद्यालयातले तीन विद्यार्थी ईस्टरच्या सुट्टीत सिसिलीला गेले होते. इटलीच्या टोकाचं हे बेट, त्यावर एटना नावाचा जिवंत ज्वालामुखी. त्याच्या उत्तरेच्या डोंगरांत धबधबे आहेत, ते पायी हिंडून पाहायचा तिघांचा बेत होता. दोघे जर्मन, एक आपला पुण्याचा. त्यातला एक जर्मन मुलगा धबधब्याच्या कड्यावरून खाली डोहात पडला आणि मेला. तिथल्या पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. शव रेल्वेने घरी आलं, अंत्यविधी झाला. मग तिसऱ्या सोबत्याने मेलेल्या मुलाच्या वडिलांना गाठलं आणि सांगितलं, "मी इतके दिवस गप्प बसलो. त्या भारतीयाने तुमच्या मुलाचा हात सोडला. मी खाली डोहापाशी होतो, मी पाहिलं. त्याने स्वतःच गावात तसं कबूल केलंय." वडील मोठे कारखानदार. ते तडक पोलिसांकडे आले.

पुण्याच्या मुलाला बोलावलं गेलं. त्यानेही तेच सांगितलं, म्हणजे पोलिसांना तसं वाटलं. जबाबात वाक्य होतं, 'इश हाबे इन आम वासरफाल लोसगेलासेन.' म्हणजे, मी त्याला धबधब्यापाशी हातातून सुटू दिलं. खाली मुलाची सही.

मी खोलीत गेलो तर खुर्चीच्या कडेवर बसलेला एक किडकिडीत पोरगा. डोळे सुजलेले. मला पाहून उठून उभा राहिला.

"बस. कुठला रे तू?"

"पुण्याचा, साहेब."

"काय झालं ते सांग. मराठीत सांग, आणि घाई करू नकोस."

"साहेब, तिकडचे ते लाव्ह्याचे दगड म्हणजे नुसत्या काचा. माझ्या उजव्या बुटाचा तळ पार फाटला होता. मी त्याला धबधब्यापर्यंत सोडलं आणि बूट शिवून घ्यायला गावात परत आलो. संध्याकाळी लोक त्याला उचलून घेऊन आले."

मी त्याला तिथेच थांबवलं. "काय केलंस म्हणालास?"

"सोडलं त्याला. त्याला नकाशा वाचता यायचा नाही नीट. म्हटलं, वाटेला तरी लावून देऊ. तिसरा पुढे जाऊन तिथे थांबलाच होता."

"आणि जर्मनमध्ये हे कसं सांगितलंस?"

त्याने तेच वाक्य म्हणून दाखवलं, अगदी व्याकरणशुद्ध.

"अरे शहाण्या, याचा अर्थ इथे काय होतो ठाऊक आहे का तुला?"

"सोडणे. कोशात तसंच दिलंय, साहेब."

मी कपाळाला हात लावला. हसावं की रडावं तेच कळेना. त्याने हेच वाक्य त्या सिसिलीच्या गावात तिसऱ्या सोबत्याला सांगितलं होतं, मेलेल्या मुलाच्या आईला सांगितलं होतं, प्राध्यापकांना सांगितलं होतं. जो विचारेल त्याला सरळ मनाने सांगत सुटला होता की मी त्याला धबधब्यापाशी हातातून सुटू दिलं. आणि त्याच्याशी कोणी हात का मिळवत नाही, याचं कोडं त्याला पडलं होतं.

मी कमिसारला बाहेर बोलावलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये समजावू लागलो. तो म्हणाला, "तुम्ही त्याच्या देशाचे आहात, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण एका शब्दाचा वेगळा अर्थ म्हणजे काही पुरावा नव्हे."

माझी सटकली. म्हटलं, "मग तुम्ही तरी त्याला कशाच्या जोरावर बसवून ठेवलंय? एका शब्दाच्याच ना? माझी बायको मला रोज सांगायची, अहो, पोराला शाळेत सोडा. मी काय त्याला गच्चीवरून खाली टाकत होतो?"

बाहेरच टेबलाशी बसलेली टाइप करणारी बाई हसू दाबत होती. तीच हळूच म्हणाली, "कमिसार, काल तो बुटांबद्दल काहीतरी बोलत होता. चांभार की काय."

"मग ते जबाबात का नाही?" मी विचारलं.

"घटनेशी संबंध नाही म्हणून," कमिसार म्हणाला.

बघा आता. पोरगा गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे होतो म्हणून सांगतोय, आणि ते म्हणे घटनेशी संबंध नाही म्हणून गाळलं. जे आपल्या समजुतीत बसतं तेवढंच कागदावर घ्यायचं, ही खोड सगळ्या देशांच्या पोलिसांत सारखीच. मी तसं बोलून दाखवलं. कमिसार लाल झाला, पण माणूस प्रामाणिक होता. त्याने लगेच त्या गावच्या पोलिसांना टेलिप्रिंटरवर चौकशी पाठवायला सांगितली.

उत्तर यायची वाट पाहत असताना आणखी एक मासलेवाईक प्रकार घडला. हायडेलबर्गहून एक मराठी संशोधक खास मला भेटायला आले. मला वाटलं, मुलाच्या मदतीला आले असतील. कसलं काय. म्हणाले, "साहेब, तुम्ही यात फार पुढे होऊ नका. उद्या त्याचा गुन्हा शाबीत झाला तर इथल्या आपल्या सगळ्यांचंच नाव खराब होईल." मी विचारलं, "तुम्ही त्याला भेटलात का?" तर नाही. "त्याला खायला काही आणलंत का?" तेही नाही. मी त्यांना ट्राम कुठून मिळते ते दाखवलं आणि आत गेलो.

तिसऱ्या सोबत्याला पुन्हा बोलावलं. नीटनेटका, केस चापून बसवलेला तरुण. मेलेल्या मुलाच्या वडिलांच्या कारखान्यात त्याला नोकरी ठरलेली होती. कमिसारने मला मागे बसायला परवानगी दिली. जबाब पहिल्यासारखाच, कुठेही अडखळ नाही. तो डोहाच्या काठाशी उभा होता. वर कड्यावर दोघे होते. मित्र घसरला, भारतीयाने हात धरला आणि सोडला.

"तुमचा मित्र काही बोलला का?" कमिसारने विचारलं.

"हो. म्हणाला, मला सोडू नकोस." हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदाच चिरका झाला.

"तुम्ही स्पष्ट ऐकलंत?"

"शब्दन् शब्द. अजून ऐकू येतं."

मी साताऱ्याकडचा, जावळी खोऱ्यातला माणूस. धबधब्याखालच्या डोहांतून मी प्रेतं काढली आहेत. पाणी भरून कोसळत असताना डोहापाशी शेजारचा माणूस काय म्हणतो तेही कळत नाही, आम्ही हातवारे करून काम करायचो. आणि तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे ईस्टरला ते ओढे ऐन भरात. मला आधी वाटलं, हे वाक्य याने रचलंय. पण त्याचा तो आवाज काही रचलेला वाटेना. मी कमिसारच्या कानाशी लागलो. म्हटलं, "हा वाक्य खरं सांगतोय, जागा खोटी सांगतोय. ते शब्द ऐकू यायचे तर माणूस हातभर अंतरावर पाहिजे."

कमिसारने तिथेच चौकशी थांबवली आणि त्या तरुणाला बाहेर बसवलं. दुपारनंतर सिसिलीहून उत्तर आलं. गावच्या चांभाराला तो काळसर परदेशी मुलगा चांगला आठवत होता. मोजे घालून दुकानात बसला होता आणि प्रेत गावात आलं तेव्हाही तिथेच होता. बूट तसाच टाकून नुसत्या मोज्यांवर धावला होता.

कमिसारने तो कागद तिसऱ्यासमोर ठेवला. वाचू दिला. मग शांतपणे विचारलं, "भारतीय गावात होता. मग 'मला सोडू नकोस' हे तुमचा मित्र कोणाला म्हणाला?"

तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसला. मग टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागला, आणि सगळं बाहेर आलं. फोटोसाठी यानेच मित्राला शेवाळलेल्या कातळावर उभं केलं होतं. मित्र घसरला, याने हात धरला, ओझं पेलेना, आपणही जाणार असं वाटलं आणि याने हात सोडला. नंतर गावात त्या परक्या पोराच्या तोंडून ते चुकीचं वाक्य ऐकलं आणि याला वाट सापडली.

लोक मला विचारतात, तुम्हाला त्याची दया नाही आली का? नाही आली. ओल्या दगडावर हात सुटला, हा गुन्हा नव्हे. तो माझ्या हातूनही सुटला असता. पण मित्र म्हणून ज्याच्याबरोबर एका ताटात जेवला, त्याची भाषा कच्ची आहे एवढं हेरून आपलं पाप त्याच्या गळ्यात घालायचं, याला मी माफी देणार नाही. त्याचं प्रकरण पुढे सरकारी वकिलांकडे गेलं. शेवटी काय झालं ते मला कळलं नाही, मी तोवर परतलो होतो.

पुण्याच्या मुलाला सोडायच्या वेळी त्याचा जबाब नव्याने लिहिला गेला. मी प्रत्येक वाक्य मराठीत विचारून घेतलं. पुढे आपल्याकडे गडचिरोलीच्या बाजूला बदली झाली, तेव्हा आमचे जमादार गोंडी बोलणाऱ्या माणसांचे जबाब कचेरीतल्या मराठीत लिहून खाली अंगठे घेताना पाहिले आणि कळलं की जर्मनांवर संतापण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही. घरी ज्या भाषेत माणूस भांडतो, त्या भाषेत त्याचं ऐकून घेतल्याशिवाय मी कोणाचीही कबुली कबुली मानली नाही. त्यापायी वरिष्ठांची बोलणीही खाल्ली.

पण त्या प्रकरणाने मला शिकवलं ते खरं एवढंच नव्हे. पुण्याचा मुलगा त्या नव्या जबाबावर सही करत होता तेवढ्यात मेलेल्या मुलाचे वडील आले. हॅट हातात, दाढी वाढलेली. मला वाटलं, माफी मागतील. माफी काही मागितली नाही. ते मुलासमोर बसले आणि म्हणाले, "वाटेने जाताना तो काय बोलत होता?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःसकट त्या सगळ्या इमारतीची मला चीड आली. त्या पोराचाही मित्र मेला होता. इतक्या चौकशा झाल्या, इतके कागद टाइप झाले, मीही त्याला शब्दांचे अर्थ विचारत बसलो, पण 'तो तुझा कोण होता' हे एकाही माणसाने विचारलं नव्हतं. त्याला मित्रासाठी रडायचीसुद्धा सोय आम्ही ठेवली नव्हती.

त्याने बोलायला सुरुवात केली. मित्राला संत्री सोलता यायची नाहीत म्हणून हा सोलून द्यायचा. चालताना तो मोठ्याने गायचा, बेसूर. परत आल्यावर वडिलांना सांगणार होता की कारखान्यात मन रमत नाही, मला शाळेत शिकवायचंय. जर्मन चुकत होतं, क्रियापदं भलतीकडे पडत होती. मी दुरुस्ती करायला पुढे झालो, तर म्हाताऱ्याने हात वर करून मला गप्प केलं.

"मला कळतंय," ते म्हणाले.