दोन फटफटींमधलं अंतर

“मिस्त्री, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पाय गुडघ्याखाली कापावा लागेल असं दिसतंय.”

डॉक्टरीणबाई हे बोलल्या तेव्हा सकाळचे सात-साडेसात झाले असतील. नगरच्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीशेजारच्या खाटेवर माझा तो दहावा दिवस. माझी बायको हलिमा पेल्यात दूध ओतत होती, तिचा हात तसाच थांबला. आणि मी काय विचारावं? “कुठला पाय?” घ्या! मोडलेला एकच, दुसरा धडधाकट, आणि हा शहाणा विचारतोय कुठला. घाबरलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते. उद्या तुमच्यापैकी कुणी अशा खाटेवर पडला आणि असंच काहीतरी वेड्यासारखं बोलून गेला, तर मनाला लावून घेऊ नका.

बाई चिडल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसून त्यांनी नीट समजावलं. माझं होतं ते कंपाउंड फ्रॅक्चर. म्हणजे हाड आतल्या आत मोडलेलं नव्हतं, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, आणि त्या भोकातून रस्त्यावरची माती, शेण, सगळं आत गेलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी जखम धुतली, सल्फाच्या गोळ्या दिल्या, तरी पू धरलाच. ताप उतरत नव्हता. त्याला त्या सेप्सिस म्हणाल्या, म्हणजे जखमेतलं विष रक्तात चढणं.

“बोटं अजून गरम आहेत,” माझ्या पायाचा अंगठा दाबत त्या म्हणाल्या. “उद्या सकाळपर्यंत थांबते. त्यापुढं थांबले तर पाय राहील आणि तुम्ही जाल.”

मी फिटर माणूस. लढाईत छावणीच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त केल्या, लढाई संपल्यावर शहरात स्वतःचं दुकान टाकलं. उकिडवं बसून इंजिन उघडायचं, हे माझं काम. एका पायावर उकिडवं बसून दाखवा मला कुणी!

आता हे झालं कसं, ते सांगतो. लाज वाटते, तरी सांगतो.

आम्ही तिघं दोस्त. मी, कोल्हारचा ज्ञानू आणि नगरचाच येशुदास. तिघंही वर्कशॉपात एकत्र होतो. लढाईनंतर लष्करानं जुन्या फटफट्या मोडीत काढल्या, तेव्हा तिघांनी एकेक घेतली. ह्याचं चाक, त्याचा कार्बोरेटर असं जुळवून मी त्या चालत्या केल्या. पेट्रोल अजून कुपनावर मिळायचं, म्हणून महिना-दीड महिन्यातून एकदाच तिघं मिळून लांब जायचो.

मिळून कसं जायचं हे लष्करात शिकवलेलं होतं, आणि त्या दोघांना ते पुन्हा पुन्हा ऐकवणारा मीच. एकामागं एक चालायचं. पुढच्याची धूळ खाली बसेल एवढं अंतर ठेवायचं. ज्याची गाडी सगळ्यांत हळू, तो पुढं. हात दाखवल्याशिवाय वेग कमी करायचा नाही. फाट्यावर थांबायचं, मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही. आणि काही झालं तरी दुसऱ्याच्या बगलेत शिरायचं नाही, कारण स्वतःच्या इंजिनाच्या आवाजात त्याला तुमचं इंजिन ऐकू येत नाही. येशुदास म्हणायचा, “मिस्त्री, तू मशिदीत वाज द्यायला जा.” एवढं माझं प्रवचन चालायचं.

त्या थंडीत ज्ञानूनं शेतावर हुरडा खायला बोलावलं. नगर-मनमाड रस्त्यानं निघालो. वाट ज्ञानूच्या गावची, म्हणून त्या दिवशी नियम सोडून ज्ञानू पुढं, मी मधे, येशुदास पार मागं. राहुरी मागं पडली. ऊन छान पडलेलं, पोटात भूक, मन मजेत. ज्ञानूच्या कोटाच्या डाव्या खिशातून तंबाखूच्या चंचीची दोरी बाहेर लोंबत होती. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. म्हटलं, चंची हळूच ओढून घेऊ, कोल्हारला पोचल्यावर बेटा खिसे चाचपत बसेल. गाडी त्याच्या डाव्या बगलेत घातली, एक हात सोडला आणि दोरीकडं नेला. तेवढ्यात समोरून बैलगाडी आली. ज्ञानूनं बिचाऱ्यानं तिला वाट द्यायला गाडी डावीकडं घेतली. मी तिथं आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. हँडलला हँडल लागलं, आणि मी फटफटीसकट खडीच्या ढिगावर.

ज्ञानूला नुसतं खरचटलं. त्यानं नि येशुदासनं बांबूच्या कामट्या लावून माझा पाय आपल्या फेट्यानं बांधला, त्याच बैलगाडीत मला घातलं, पुढं लॉरी मिळाली. सगळा रस्ताभर ज्ञानू एकच बोलत होता, “मी मागं बघितलं न्हाई रे. मी मागं बघितलं न्हाई.”

येशुदासला धुळीमुळं काही दिसलं नव्हतं. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं. आणि मी गप्प बसलो.

आधी वेदनेनं गप्प होतो, हे खरं. पण एक्स-रे झाला, म्हणजे हाडाचा फोटो निघाला, रक्त तपासलं, शुद्ध आली, दोन दिवस गेले, तरी मी गप्पच. हलिमा ज्ञानूला नको नको ते बोलली. तो रोज यायचा आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचा, कारण ती त्याला आत येऊ द्यायची नाही. त्यानं आणलेलं दूध तिनं मोरीत ओतलं. मी खाटेवरून हे सगळं ऐकत होतो. मनात म्हणायचो, उद्या सांगू. लोक काय म्हणतील, एवढा शिकवणारा आणि तंबाखूच्या पिशवीसाठी पाय मोडून बसला? या विचारानं तोंडच उघडायचं नाही.

दहाव्या दिवशी बाईंनी पाय कापायचं सांगितलं आणि पाठोपाठ आणखी एक गोष्ट सांगितली. पेनिसिलिन नावाचं नवं औषध निघालं होतं. ते बुरशीपासून करतात, आणि ते रक्तातलं विष मारतं. नगरात ते मिळत नव्हतं. त्यांच्या ओळखीच्या पुण्यातल्या डॉक्टरकडे थोड्या कुप्या होत्या आणि त्यांनी त्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. “पण रेल्वेनं दौंडवरून जाऊन यायचं तर उद्याची दुपार होईल,” बाई म्हणाल्या. “मला ते आज हवंय. आणि ते बर्फात ठेवूनच आणावं लागतं, उन्हानं वाया जातं.”

येशुदास तिथंच होता. “मी निघतो,” तो म्हणाला.

पण त्याची गाडी सगळ्यांत रडकी. वाटेत बसली तर औषध आणि बर्फ दोन्ही रस्त्यातच. बरोबर दुसरी गाडी हवी होती, म्हणजे एक बंद पडली तरी दुसरी पोचेल. दुसरी गाडी एकच होती, ज्ञानूची; अपघातापासून ती येशुदासच्या घरी उभी होती. येशुदास त्याला व्हरांड्यातून आत घेऊन आला.

“न्हाई,” ज्ञानू दारातच उभा राहून म्हणाला. “मी खंडोबाची आण घेतलीया. फटफटीला हात लावनार न्हाई. माझ्यापायी ह्याचा पाय चाललाय, आता येशाला बी मारू का?”

“ह्या माणसाला पाठवूच नका!” हलिमा ओरडली. “एकदा केलं तेवढं बस झालं.”

बाई घड्याळ बघत होत्या. मला वाटलं, आता नाही बोललो तर पाय तर जाईलच, पण तोंड दाखवायची जागाही राहणार नाही.

“ज्ञानू, तुझी चूक नाही,” मी म्हटलं. “मी तुझ्या बगलेत शिरलो होतो. तुझी चंची ओढायला हात घातला होता.”

हलिमा माझ्याकडं अशी बघत राहिली की पाय मोडला तेव्हाही तेवढं लागलं नव्हतं. ज्ञानूनं विचारलं, “चंची?” मी मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला वाचता येईना. तो वळला आणि येशुदासला म्हणाला, “चल येशा.” माझ्याशी एक अक्षर नाही.

मीच मागून ओरडलो, “येशुदास पुढं! हळू गाडी पुढं! परत येताना थर्मास मागच्याकडं द्या, म्हणजे पुढचा बसला तर मागचा थेट निघून येईल. आणि पुढच्यानं मैला-मैलाला मागं बघायचं!” ज्ञानूनं मागं वळून पाहिलं नाही.

मग वाट पाहणं. ज्यांनी दवाखान्यात वाट पाहिली आहे त्यांना मी काय सांगायचं? छताच्या कौलांच्या ओळी मोजल्या. ताप चढला की खिडकीतलं झाड दोन दिसायचं. हलिमानं कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, पण बोलली नाही. दुपारी एकदाच म्हणाली, “त्या माणसाचं दूध मी मोरीत ओतलं.” आणि पदरात तोंड खुपसून रडली. मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. घेणारच. तिच्या जागी मी असतो तर खाट उलटी केली असती.

चार वाजले. पाच वाजले. बाई येऊन अंगठा दाबून गेल्या.

उन्हं कलली आणि फटफटीचा आवाज आला. एकच. मी कान टवकारले. आवाज येशुदासच्या गाडीचा, फुटक्या सायलेन्सरचा. तो फाटकाशी येऊन थांबला. औषध तर मागच्याकडं. मी श्वास धरून ऐकत होतो. दुसरा आवाज नाही. ज्ञानू पडला, असंच मनात आलं. त्याच्या म्हाताऱ्या आईचा चेहरा डोळ्यांपुढं आला. खरं सांगतो, त्या घडीला पायाची आठवणही झाली नाही. अल्ला, पाय घे, पण त्याला आण, असं तोंडातून निघालं.

आणि मग लांबून, अगदी लांबून, दुसरी फटफट ऐकू आली. संथ, एका लयीत. धूळ खाली बसेल एवढं अंतर ठेवून तो येत होता. अख्ख्या रस्त्यानं ते तसेच आले होते.

थर्मास बाईंच्या हातात गेला तेव्हा आत थोडा बर्फ शिल्लक होता. तिथून दर तीन तासांनी सुई. दिवस नाही, रात्र नाही. कुल्ल्यावर जागा उरली नाही, तेव्हा दंडावर. कुणाला हे औषध द्यायची वेळ आली तर सुईला कंटाळू नका. एकही वेळ चुकवायची नसते, कारण औषध शरीरात टिकत नाही, लघवीतून निघून जातं. तिसऱ्या दिवशी मला घाम फुटला आणि ताप उतरला. बाईंनी जखमेचा वास घेतला आणि पहिल्यांदाच हसल्या.

पुढचे दिवस लांबलचक होते. पायाला प्लास्टर घातलं, त्यात जखमेपुरती खिडकी ठेवली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. हलिमा ते न चुकता करायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मला मनसोक्त रागावायलाही लागली. तेव्हा कुठं मला हायसं वाटलं. डॉक्टर एखादा इंग्रजी शब्द बोलले तर अर्थ विचारत जा, हेही तिनंच मला शिकवलं. ती दर वेळी विचारायची आणि बाई दर वेळी सांगायच्या. त्यांचे उपकार मी कुठं फेडणार?

ज्ञानू रोज यायचा. आता आत यायचा. कोल्हारहून पेरू आणायचा, हलिमाशी बोलायचा, येशुदासशी बोलायचा, माझी कूस बदलायला हात लावायचा. माझ्याशी मात्र बोलायचा नाही. मी दहादा माफी मागितली. तो पेरू चिरत बसायचा.

प्लास्टर निघालं तो दिवस. पाय काडीसारखा वाळलेला, एखादा इंच आखूड. बाईंनी अंगठा हलवायला सांगितला, हलला. घोटा हलला. बाई म्हणाल्या, “पाय राहिला, मिस्त्री. लंगडाल, पण स्वतःच्या पायावर.” आणि त्या दुसऱ्या खाटेकडं गेल्या.

ज्ञानूनं चाकू मिटला. खिशात घातला. खाटेच्या लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

“झालं? राहिला पाय?” तो म्हणाला. “बरं झालं. पाय गेला असता ना, तर जन्मभर तुला येक शबूद बोललो नसतो. पाय गेलेल्या मानसाला काय बोलायचं? म्हनून थांबलो हुतो. आता ऐक.”

आणि तो सुरू झाला. अहो, काय बोलला! दहा दिवस बाकावर बसून त्याला झोप आली नव्हती. गावात कुणाला तोंड दाखवलं नव्हतं. त्याच्या आईनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती. फटफटी विकायला काढली होती. माझी सात पिढ्यांची अक्कल, माझं प्रवचन, माझी दाढी, काही सोडलं नाही त्यानं. आवाज एवढा चढला की अख्खा वॉर्ड उठून बसला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसतही होतो.

सिस्टर धावत आली. “अहो, हा दवाखाना आहे! पेशंटला त्रास होतोय, दिसत नाही का? चला, बाहेर व्हा.”

मी तिच्या हाताला धरलं. म्हटलं, “सिस्टर, पाया पडतो तुमच्या. त्याला बोलू द्या.”