मेजरांनी धुतलेली टाकी

मला नोकरी लागली तेव्हा आईनं साताऱ्यातल्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की मुलगी सरकारी शास्त्रज्ञ झाली. कसली शास्त्रज्ञ! प्रदूषण खात्याच्या सांगलीच्या ऑफिसात मी क्षेत्र अधिकारी होते, म्हणजे स्कूटरला बाटल्या बांधून गावोगावचं घाण पाणी गोळा करत फिरणारी बाई. नदीत पाणी सोडायचं तर कारखान्यांना, नगरपालिकांना आमच्या खात्याचं संमतीपत्र लागतं. पाणी खरंच साफ करून सोडतात का, आणि त्यातून निघणारा गाळ तपासल्यावरच शेतात जातो का, हे बघणं माझं काम. आणि आम्ही ते नीट बघतो का, हे बघायला अधूनमधून वरून कोणीतरी येतं.

त्या वर्षी वरून तपासनीस येणार असं पत्र आलं आणि आमच्या साहेबांचं पोट बिघडलं. दोन दिवस ते नुसत्या ताकावर होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारलं, "दाखवण्यासारखं एक तरी मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे का आपल्याकडं?" मी छातीठोकपणे पलूसकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. साहेबांनी मला चहा पाजला आणि गोड आवाजात सांगितलं की माझं प्रोबेशन संपायला महिना उरलाय, तेव्हा हे केंद्र नापास झालं तर मी नोकरीत कायम होईन असं त्यांना काही वाटत नाही. तो चहा मला बाधला.

ते केंद्र मेजर चालवायचे. फौजेतून परत आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडं मेजरच म्हणतात, तसे हे हवालदार. मूळचे साताऱ्याकडचे, पण निवृत्तीनंतर बायकोच्या माहेरी येऊन राहिलेले. माणूस कडक. पहाटे उठणार, व्यायाम करणार, गणवेश घालून मैलापाण्याच्या पंपासमोर असा उभा राहणार की पंपानंही सावधान व्हावं. म्हणून तर मी त्यांचं नाव पुढं केलं.

तपासणी सोमवारी होती. शनिवारी सकाळी मी सहज नजर टाकायला गेले, तर फाटकापासूनच डोळे दिपले. वाटेच्या दोन्ही कडेच्या दगडांना गेरू आणि चुना. झाडांच्या बुंध्यांना चुना. तिथं झोपणाऱ्या कुत्र्याच्या शेपटीलाही थोडा चुना, पण तो अपघात असावा. मी खूश होऊन मुख्य टाकीपाशी गेले आणि वाकून पाहिलं. टाकीत नितळ, निळसर, पोहायला उतरावं असं पाणी होतं.

"मॅडम, तळ दिसतोय बघा!" मेजर म्हणाले. "रुपाया टाकला तर छापा का काटा कळंल."

"गाळ कुठाय मेजर?"

"काडला की सगळा! लय घाण हुती. तपकिरी, फेसाळ. पाव्हण्यांम्होरं लाज गेली असती आपली. दोन दिस घासलीया टाकी, मग हिरीचं पाणी भरलं."

"आणि गावाचं मैलापाणी?"

"ते नाल्यानं खाली सोडलंय. पाव्हणं येऊन जाईस्तवर."

मी कठड्यावर बसले. तापट आहे मी, एरवी ओरडले असते. त्या दिवशी हळूच म्हटलं, "मेजर, तो गाळ जिवंत होता. घाण खाणारे जंतू होते त्यात, कोट्यवधी. पाणी तेच साफ करत होते. आपण नुसती हवा सोडतो त्यांच्यासाठी."

मेजरांनी टाकीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग डोक्यावरची टोपी काढली.

"म्हंजी समदी पलटण मारली मी?"

गाळ परत आणावा म्हणून आम्ही वाळवायच्या वाफ्यांकडं धावलो, तर वाफे झाडून लख्ख. शेजारच्या मळ्यातला शेतकरी ट्रॉली भरभरून तो उसाला घेऊन गेला होता, तोही न तपासता. आम्ही त्याच्या बांधावर गेलो. तो खांद्यावर फावडं टाकून शांतपणे म्हणाला, "परत द्यायचा? पाणी बी पाजलं की त्याला. खांदून न्या पायजे तर." मी खरंच क्षणभर फावड्याकडं पाहिलं.

साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "शेण टाका. आणि गूळ." मला वाटलं, धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला. पण ते बरोबर होतं. शेणात जंतू असतात आणि गूळ त्यांचं खाणं. नवी टाकी अशीच सुरू करतात. फक्त त्याला पंधरा दिवस लागतात. आमच्याकडं दीड होता.

मेजरांनी मैलापाणी पुन्हा टाकीकडं वळवलं आणि थेट देवळातला भोंगा गाठला. "ज्यांच्या घरात म्हसरं हायत त्यांनी शेण घिऊन टाकीवर यावं! सरकारी काम हाय!" तासाभरात बायका पाट्या घेऊन रांगेत उभ्या. शेण कशाला पाहिजे हे कोणी विचारलं नाही, पण कोणाच्या म्हशीचं चांगलं यावरून दोघींचं वाजलं. जवळच्या गुऱ्हाळातून काकवीचं पिंप आलं. मेजरांच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, "इरजणच लागतंय न्हवं?" आणि घरातून दह्याचं मडकं आणून टाकीत पालथं केलं. मी थांबवलं नाही. त्या वेळी कोणी भस्म आणलं असतं तर तेही टाकलं असतं.

संध्याकाळी मेजर रोजच्या मोजमापांचं रजिस्टर उघडून बसले आणि वळणदार अक्षरात लिहू लागले. मी खांद्यावरून वाचलं. टाकी धुतली. सर्व जंतू मेले. गाळ न तपासता उसाला गेला. मैलापाणी दोन दिवस नाल्याला. चूक माझी.

"मेजर, वेड लागलंय का? 'नियमित देखभाल' लिहा आणि मोकळे व्हा."

"लॉगबुकात खोटं लिवत न्हाईत मॅडम. तिकडं फौजेत जीव जात्यात असल्यापायी."

"इथं माझी नोकरी जातीय!" मी ओरडले. सकाळचं राहिलेलं ओरडणं आता निघालं. पान फाडायला हातही पुढं केला. मेजरांनी रजिस्टर कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडं पाठ करून करगोट्याला बांधली. म्हणजे विषयच संपला.

सोमवारी साहेब तपासनिसांना घेऊन आले. तपासनीस बारीक चणीचे, निवृत्तीला टेकलेले, तोंडातून शब्द काढायला नको असलेले. गावानं दोघांना फेटे बांधले. टाकी आता छान तपकिरी दिसत होती, पण वास गोठ्याचा आणि गुऱ्हाळाचा एकत्र. "जवळ गुऱ्हाळ आहे का?" तपासनिसांनी विचारलं. "आहे ना," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. एवढ्यात काकवीच्या वासावर आलेल्या गांधीलमाश्यांना साहेबांचा फेटा आवडला. साहेबांनी टाकीला दोन पूर्ण प्रदक्षिणा घातल्या. पोट बिघडलेला माणूस इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं.

तपासनिसांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी काचेचं उंच मापपात्र काढलं, टाकीतलं पाणी त्यात भरलं आणि घड्याळ लावलं. गाळ जिवंत असेल तर अर्ध्या तासात खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. आम्ही सगळे, शेणवाल्या बायकांसकट, अर्धा तास त्या काचेकडं बघत उभे राहिलो. खाली काहीच बसलं नाही. उलट वैरणीची एक काडी हळूहळू वर आली.

"रजिस्टर," तपासनीस म्हणाले.

मेजर किल्ली काढायला पंपाच्या खोलीमागं गेले. तपासनिसांनी शेवटचं पान वाचलं, मागची पन्नासेक पानं उलटली आणि साहेबांना म्हणाले, "बाकीच्या केंद्रांत वर्षभर रोज एकच आकडा आहे, एकाच शाईत. इथं रोज वेगळा आहे. हा माणूस खरंच मोजतो." साहेब फेटा सावरू लागले. मला वाटलं, सुटलो.

मग त्यांनी मेजरांना विचारलं, "हा गाळ कशासाठी असतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?"

मेजर सावधान उभे राहिले. माझ्याकडं बघितलंही नाही. "मी इचारलं न्हाई साहेब. चूक माझी."

तपासनिसांनी पिशवीतून माझे दर महिन्याचे अहवाल काढले. दोन वर्षांचे. प्रत्येकात एक प्रश्न होता, चालकाला प्रशिक्षण दिले आहे काय, आणि प्रत्येकापुढं माझ्या अक्षरात 'होय'. दर महिन्याला मी इथं येत होते, बाटली भरत होते, मेजरांच्या घरचा चहा पीत होते आणि तो 'होय' लिहून निघत होते. मला इतकी लाज वाटली की कान तापले.

"हे अक्षर कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं. "ते खरं नाही. यांना कोणीच काही शिकवलं नाही."

त्यांनी कोरा फॉर्म पुढं सरकवला. मी 'नाही' लिहिलं, खाली सही केली. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. केंद्राला नोटीस आली, तीत चालकाचं नाव नव्हतं, माझं होतं.

त्या दिवशी गाड्या गेल्यावर मी मेजरांना टाकीच्या कठड्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं: जंतू काय खातात, हवा कशाला लागते, गाळ किती ठेवायचा, किती काढायचा, शेतात देण्याआधी का तपासायचा. त्यांनी मधे एकदाच शंका विचारली, तीही बरोबर. मग मान हलवली.

"एवढंच व्हय मॅडम?"

एवढंच होतं. सांगायला पंधरा मिनिटं लागली.