मामाची पहिली कॅसेट
परवा कपाट आवरताना मामाच्या पोवाड्यांची पहिली कॅसेट हाती लागली आणि बोरी बुद्रुकचा तो मांडव डोळ्यांपुढे उभा राहिला. मामा गावचा शाहीर. पुण्यात रेकॉर्डिंग करून आला म्हणून त्यानं पार घोडेगावपर्यंतचे पाव्हणे जेवायला बोलावले होते. पुरणाचा घमघमाट सुटलेला, आणि कर्ण्यावर कॅसेट लावली. मामाचा आवाज खणखणीत निघाला, पहिली ओळ संपली आणि पुढं नुसती खरखर. दुसरी ओळ, पुन्हा खरखर. कर्णेवाल्यानं टेपला थापट्या मारल्या. "कॅसेट बाद हाय राव," कुणीतरी म्हणालं. मामाचं तोंड एवढंसं झालं. मग उलगडा झाला. पुण्यात मामाला काचेच्या खोलीत एकट्यालाच उभं केलं होतं, आणि हा सवयीनं प्रत्येक ओळीनंतर मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांसाठी थांबला होता. रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं, शाहीर दम खातोय. "आमी काचंपल्याडून लई जोरात झील धरली व्हती की!" झीलकरी कळवळून सांगत होते. पाव्हणे गालात हसायला लागले. तेवढ्यात पुढची ओळ संपली, आणि जन्मभर मामाच्या गाण्याला नावं ठेवणारी मामी पुरणानं भरलेला हात वर करून ओरडली, "जी जी रं जी!" मग अख्खा मांडव झील धरायला लागला. परवा ती कॅसेट लावली. ओळ संपली, खरखर सुरू झाली, आणि बायको घाबरून धावत आली, "अहो, कुणावर ओरडताय?" आता मामी नाही, मग तिची झील कुणीतरी धरायला नको?