फक्कीची रेघ

मेहनाजचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. दिग्रसच्या आमच्या गल्लीत अजानच्याही आधी तिच्या बापाच्या, जमीरच्या, टायर दुकानासमोर धप्प आवाज यायचा. ट्रकचा टायर उचलायचा, उभा करायचा, पालथा पाडायचा, पुन्हा उचलायचा. घाम निघेपर्यंत नाही, घाम वाळून दुसऱ्यांदा निघेपर्यंत.

मी जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या गठाणी बांधत होतो. आता घरी बसतो. अंगमेहनत मला कळते, आणि मेहनतीचं नाटकही कळतं. ही पोरगी नाटक करत नव्हती.

तिचा खेळ थाळीफेक. शाळेतल्या अनंत सरांनी तिचे लांब हात पाहून लोखंडाच्या काठाची थाळी हातात दिली. उन्हाळ्यात कापूस संपला की जिनिंगचं आवार मोकळं असतं. कापूस टाकायचा सिमेंटचा मोठा ओटा तिथे आहे. सर ओट्यावर सुतळीला खडू बांधून वर्तुळ काढत आणि त्यावर चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढत. मेहनाज त्या वर्तुळात गिरकी घेऊन थाळी सोडायची. थाळी भिंतीजवळच्या बाभळीपर्यंत जायची.

चहावाला देवीलाल जमीरला डिवचायचा, "जमीरभाई, पोरगी थाळ्या फेकून राह्यली, मंग तुमी जेवता कायच्यात?"

"हातावर घेतो," जमीर म्हणायचा. "आमचं जेवण तुह्या चहासारखं पातळ नसते."

थाळी सोडल्यावर तिचा उजवा पाय जोरात पुढे येऊन पडायचा. कधी रेघेच्या आत, कधी रेघेवर. रेघ पुसली जायची आणि बुटाचं टोक पांढरं व्हायचं. सर म्हणत, "अर्धं बोट गेलं असंल. चालते."

तिच्या आईचं, गौहरचं, त्या पांढऱ्या बुटावरून रोज तोंड वाजायचं. "चुन्याच्या भट्टीत जातेस का खेळाले?" बूट सगळ्यांना दिसत होता. तो काय सांगतो आहे, ते कोणाला दिसलं नाही.

आमच्याकडचा हा 'चालते' शब्द मला पहिल्यापासून आवडत नाही. गठाणीची पट्टी थोडी सैल राहिली की नवा माणूस म्हणतो, चालते. ती गठाण ट्रकवर चढवताना सुटते, आणि सुटते ती त्याच्या अंगावर नाही, खाली उभ्या असलेल्याच्या अंगावर.

जिल्हा झाला, राज्य झालं, देशपातळी झाली. तिथे पक्की वर्तुळं होती, काठाला लोखंडी कडी होती. प्रत्येक ठिकाणी पाय कडीवर पडून तिची एक फेक फाऊल, कधी दोन. पण उरलेली फेक इतकी लांब जायची, की आधीच्या फाऊलचं कोणी विचारत नसे. एकोणिसाव्या वर्षी ती भारताच्या संघात गेली. बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर तिच्यापेक्षा शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो मोठे होते.

परदेशात तिला तीन फेकी मिळाल्या. परत आल्यावर ओट्याच्या कडेला बसून तिने मला सांगितलं, ते तिच्याच शब्दांत लिहितो.

"काका, पहिली फेकली. लई दूर गेली. लाल झेंडी वर झाली, तर मले वाटलं दुसऱ्या कोणाची असंल. दुसरीले मी जपून उभी राह्यली, तरी पाय कडीवर गेला. तिसऱ्या वेळी मी कडीकडेच पाहून राह्यली होती. थाळीकडे पाह्यलंच नाही."

"अन् पाय?"

"मंग पाय तिथंच गेल्याशिवाय राहते का?"

तीन फेकी, तिन्ही फाऊल. निकालात तिच्या नावासमोर आकडा नाही. इतक्या लांब विमानाने गेलेल्या पोरीने तिथे किती फेकलं, याचं उत्तर: काहीच नाही.

सर म्हणाले, "देशासाठी खेळली ना? चालते." त्या दिवशी मला त्यांच्या तोंडावर बोलायचं होतं. बोललो नाही, कारण ते रडवेले झाले होते.

खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मागायला ती गेली, तिथे एकच विचारलं, "कितवा नंबर?" नंबर असायला आधी आकडा लागतो.

त्यानंतरचं मला जास्त लागलं. ती थांबली असती तर समजलो असतो. ती थांबली नाही, पण आखडली. गिरकी घेताना शेवटच्या क्षणी अंग मागे ओढायची. पाय आत राहायचा आणि थाळी जवळ पडायची. पंच पांढरी झेंडी दाखवत, आकडा लिहीत, आणि त्या आकड्यावर तिची निवड होत नसे. जी ताकद फाऊल जात होती, ती आता अंगातच राहू लागली. पूर्ण जोराची एक फेक, पाय आत ठेवून. तिला एवढंच हवं होतं. ते फक्कीच्या रेघेवर शिकता येत नव्हतं, कारण रेघ पायाला लागत नाही.

तिने नगरपरिषदेकडे गावच्या मैदानावर पक्कं वर्तुळ करून मागितलं. "होऊन जाईल," असं उत्तर आलं. दुसऱ्या वर्षीही तेच. जिनिंगच्या मालकाने ओटा वापरू दिला, पण त्यात खिळासुद्धा ठोकायचा नाही, असं बजावलं. तेही बरोबर. ओटा कापसाचा आहे.

मेहनाज आर्णीच्या एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवू लागली. तास झाला तर पगार. परीक्षा, सुट्टी, कोणाचं भाषण, असं काही निघालं की तास नाही. पहाटे टायर, मग एसटी, मग दिवसभर उन्हात पोरांच्या मागे शिट्टी. पगार आला की थोडा घरात द्यायची, थोडा बाजूला टाकायची. गौहरला वाटलं, सोनं करणार.

यंदा उन्हाळ्यात तिने दारव्ह्याला एक म्हातारा लोहार गाठला. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. तिने वर्तुळाच्या कडीचं माप सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "बाई, एवढ्या चाकाले बैल कोठून आणता?" पण धाव त्याने अशी वळवली, की सांधा हाताला लागत नाही. तिने वरची कड पांढरी रंगवली.

पिकअपमधून ती कडी आली. पहाटे मेहनाज आणि जमीर ती उभी करून रस्त्याने लोटत जिनिंगमध्ये घेऊन गेले. माणसापेक्षा उंच चाक, गाडी नाही, बैल नाही. देवीलाल स्टोव्ह पेटवायचा विसरला. ओट्यावर कडी आडवी टाकून बाहेरून वाळूची पोती लावली.

पहिली फेक. बूट कडीला लागला, टण्ण. दुसरी. टण्ण. सर सवयीने म्हणाले, "थोडंसंच लागलं, चाल..."

"सर," ती म्हणाली, "तो शब्द आता नका बोलू."

ऊन वर येईपर्यंत टण्ण, टण्ण चाललं. मग एकदा तिने अंग मागे ओढलं नाही. पूर्ण गिरकी, पूर्ण हात, आणि आवाज आलाच नाही. पाय कडीच्या आत उभा होता. थाळी बाभळीच्या पुढे भिंतीला लागून पडली.

कोणी टाळी वाजवली नाही. सर हळूच म्हणाले, "दहा वर्षं आधी पाह्यजे होती ही कडी."

"दहा वर्षं आधी मले पगार नव्हता, सर," ती म्हणाली आणि थाळी आणायला गेली. निवडीच्या चाचणीचं बोलावणं यंदा आलेलं नाही. वय झालं, म्हणतात. एकोणतिसाव्या वर्षी.

कडी ओट्यावर ठेवता येत नाही, म्हणून रोज लोटत परत आणतात. दिवसभर ती जमीरच्या दुकानाच्या भिंतीला टेकून असते. पंक्चर काढायला आलेला माणूस विचारतोच, "चाचा, कोण्या गाडीचं चाक हाय हे?"

"चाक नाही, भाऊ," जमीर टायरवरून मान वर न करता सांगतो. "पोरीचा पगार हाय."